शेअर्ड फोल्डरची वंशावळ

१९९१ चा डिसेंबर. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला सन कंपनीच्या युनिक्स यंत्रावरची डिस्क आपल्या डॉसवाल्या पीसीवर हवी होती. पीसीवर डिजिटल कंपनीचं 'पाथवर्क्स' होतं, पण ते डिजिटलच्याच सर्व्हरशी बोलायचं. मग ट्रिजेलने नेटवर्कवरून जाणारी पाकिटं पकडली, कुठल्या मागणीला काय उत्तर जातं ते टिपलं आणि तशीच उत्तरं देणारा प्रोग्राम लिहिला. या पद्धतीला तो पुढे 'फ्रेंच कॅफे' म्हणायचा: भाषा येत नसेल तर कॅफेत बसावं आणि गिऱ्हाईक काय मागतं, वेटर काय आणतो ते बघत राहावं. आपण जिची नक्कल करतोय ती नेटवर्कवरून फाइली वाटण्याची एसएमबी नावाची भाषा, हेसुद्धा त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. आयबीएमच्या बॅरी फायगनबॉमने ती १९८३ च्या सुमारास आखली होती.

हाच प्रोग्राम पुढे 'सांबा' झाला. ऑफिसच्या कोपऱ्यात लिनक्स सर्व्हर किंवा फाइली साठवायची पेटी असेल, तर आत बहुधा तोच चालू असतो.

पण फाइल पोचवणं हे सोपं काम. ती कोणी उघडायची, हे ठरवताना सांबाला युनिक्स आणि विंडोज या दोन घराण्यांत सोयरीक जुळवावी लागते, आणि गंमत म्हणजे दोन्ही घराण्यांचं मूळ गाव एकच. मल्टिक्स या प्रणालीच्या आखणीत १९६५ सालीच प्रत्येक फाइलीला 'कोणाला काय करता येईल' याची नावनिशीवार यादी जोडायची कल्पना होती. बेल लॅब्ज १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स उभारलं. त्यात यादीचा पसारा त्यांनी टाळला. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये फाइलीचा मालक आणि बाकीचे एवढीच वाटणी दिसते. गट नंतर आला. यादीची कल्पना मात्र मेली नाही. १९९३ च्या विंडोज एनटीने ती एनटीएफएस या आपल्या फाइल-प्रणालीत बसवली, आणि वर शेअरची वेगळी परवानगी ठेवली. दोन्हींत जी जास्त कडक, ती चालते.

युनिक्सच्या वाटणीत वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. मालक, गट आणि बाकीचे या तिघांनाही सगळं द्यायचं तर ७७७. सिस्टिमवाल्याच्या बोटांवर हा आकडा फार लवकर येतो. एका कारकुनाची एक्सेल फाइल दुसऱ्या कारकुनाला 'रीड-ओन्ली' उघडते, हा फोल्डरवर ७७७ मारतो, सगळे खूश. चार दिवसांनी तीच तक्रार परत. कारण सांबात वेगळं काही सांगितलं नसेल तर नवी फाइल ७४४ ने जन्मते: मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचन. शिवाय एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत बसत नाही. नवी तात्पुरती फाइल बनवून तिला जुनं नाव देतं. म्हणजे ज्याने शेवटी सेव्ह केलं तो मालक. इथे ७७७ हे निव्वळ आळसाचं औषध आहे. विभागाचा एक गट करावा, शेअरवर तोच गट सक्तीने लावावा आणि नव्या फाइली ६६० ने, फोल्डर ७७० ने तयार होतील असं कॉन्फिगरेशनमध्ये लिहावं. आधीच्या फाइलींचा गट आणि परवानगी तेवढी एकदा हाताने सुधारावी लागते.

अपग्रेडनंतरचं दुखणं मात्र वेगळं, आणि त्याचं निदान बहुतेक वेळा परवानग्यांतच शोधलं जातं; मूळ मात्र एसएमबीच्या जुन्या आवृत्तीत असतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून घुसून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत धुमाकूळ घातला. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. अनेकांनी तो टाकलाच नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ही जुनी आवृत्ती आपोआप येईनाशी झाली. सांबाने २०१९ च्या ४.११ मध्ये ती डिफॉल्ट म्हणून बंद ठेवली. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या अपडेटने तर बहुतेक आवृत्त्यांत एसएमबी जोडणीवर डिजिटल सहीची सक्ती केली. पासवर्डाविना 'पाहुणा' म्हणून उघडणारे शेअर तिच्यात बसत नाहीत.

म्हणून शनिवारी सर्व्हर अपग्रेड झाला की सोमवारी पहिली हाक झेरॉक्स मशिनपाशी येते: "स्कॅन जात नाहीये." फोल्डर जागेवर, पासवर्ड बरोबर, गट बरोबर. मशिनला मात्र एसएमबीची पहिली आवृत्तीच येते आणि सर्व्हरने ती बोलणं सोडलेलं असतं. सांबाच्या लॉगमध्ये हे पाच मिनिटांत कळतं. प्रोटोकॉल ठरवण्याच्या टप्प्यावरच जोडणी तुटलेली असते, परवानगीपर्यंत गाडी पोचलेलीच नसते. सर्व्हरवर 'एनटी१' (सांबात पहिल्या आवृत्तीचं नाव) पुन्हा सुरू करणारी एक ओळ लिहून स्कॅन सुरू होतो खरा, पण त्या एका मशिनसाठी जुनी, असुरक्षित आवृत्ती अख्ख्या ऑफिसला उघडी होते. आधी मशिनचं फर्मवेअर अद्ययावत होतंय का ते पाहावं. नाहीच झालं तर स्कॅन ई-मेलने पाठवायची सोय बहुतेक मशिनांत असते.