मध्यान्हीचे भूत

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हुतात्म्यांचे युग आधी येते आणि वाळवंटाचे युग त्याच्या पाठोपाठ. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन व लिसिनियस या दोघा रोमन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांस उपासनेचे स्वातंत्र्य दिले, जप्त झालेली प्रार्थनास्थळे परत केली, आणि जो धर्म पाळणे जिवावर बेतत असे तो पाहता पाहता प्रतिष्ठेचा होऊन बसला. श्रद्धेची कसोटी पाहणारा बाहेरचा शत्रू नाहीसा झाला. नेमक्या याच काळात इजिप्तमधील माणसे शेकड्यांनी गावे सोडून वाळवंटाची वाट धरू लागली. त्यांचा आद्य पुरुष संत अँटनी हा तर त्याच्याही पूर्वी, तिसऱ्या शतकातच, वडिलोपार्जित सुपीक जमीन वाटून टाकून बाहेर पडला होता. नाईलच्या मुखप्रदेशाच्या पश्चिम कडेस नित्रिया, केलिया आणि स्केतिस अशी तपस्व्यांची तीन मोठी वसतिस्थाने चौथ्या शतकात नांदती झाली.

या लोकांच्या उपवासांच्या व जागरणांच्या कथा पुष्कळ प्रसिद्ध आहेत. मला त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्यांना लागलेला एक शोध. घरदार, शेतीवाडी, बायकामुले यांचा त्याग करून आलेल्या माणसाला आता काय अडवते, याचा त्यांनी एखाद्या वैद्यासारखा तपास केला, आणि त्यांना आढळले ते असे की, अडवणाऱ्या गोष्टी अगदी किरकोळ असतात. जॉन कॅसियन नावाच्या एका तरुण साधूने स्केतिसमधील मोझेस या वृद्ध तपस्व्याच्या तोंडून ऐकलेले एक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. सोन्यारूप्यावर आणि मोठाल्या जमिनींवर पाणी सोडून आलेली माणसे इथे एखाद्या चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून चिडतात. कोणी आपली पोथी अशी कवटाळून बसतो की, दुसऱ्याने ती वाचणे तर राहोच, तिला हात लावलेलाही त्याला खपत नाही. आसक्ती गेली नाही, तिचा विषय तेवढा लहान झाला. ज्यांनी सरकारी कचेरीत टाचणीच्या डबीवरून झालेले अबोले पाहिले असतील, त्यांना या निरीक्षणाची सत्यता निराळी पटवून देण्याची गरज नाही.

या तपासाला शास्त्राचे रूप दिले ते एव्हाग्रियस याने. त्याचा जन्म काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पोंटस प्रांतात इ. स. ३४५ च्या सुमारास झाला. माणूस विद्वान, वक्ता आणि बोलण्याचालण्यात ऐटबाज. कॉन्स्टंटिनोपलमध्ये ३८१ साली धर्मपरिषद भरली, तेव्हा तो तेथे डीकन होता व वादविवादात नाव मिळवीत होता. तेथेच एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीत त्याचे मन गुंतले. एका स्वप्नाने घाबरून त्याने रातोरात शहर सोडले व जेरुसलेम गाठले. पण तेथे पोहोचताच भीती ओसरली आणि कपड्यांचा व बोलण्याचा जुना षोक परत आला. पुढे सहा महिने तापाने अंथरुणाला खिळला असता मेलानिया नावाच्या एका थोर संन्यासिनीने त्याच्याकडून मनातली गोष्ट वदवून घेतली. बरा झाल्यावर त्याने संन्याशाचा वेष घेतला आणि इजिप्तची वाट धरली. नित्रियात दोन वर्षे व केलियात चौदा वर्षे काढून तो ३९९ साली तेथेच वारला.

या चौदा वर्षांत त्याचा चरितार्थ कशावर चालला, हे वाचकांस मौजेचे वाटेल. इतर तपस्वी ताडाच्या पात्यांच्या टोपल्या विणीत. एव्हाग्रियस पोथ्यांच्या नकला करी. त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो की, त्याचे अक्षर फार सुरेख होते आणि वर्षभरात खाण्यापुरते मिळेल एवढेच काम तो करी. लेखनक्रियेवर समर्थांनी दासबोधात एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे, तो ज्यांनी वाचला आहे त्यांना या केलियाच्या लेखनिकाविषयी आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

एव्हाग्रियसने साधकाच्या मनात उठणाऱ्या विचारांचे आठ वर्ग पाडले : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, लौकिकाची हाव आणि गर्व. ही यादी वरवर पाहता आपल्या षड्रिपूंसारखी वाटते, व तशी समजूत करून घेऊन पुढे जाणे सोपेही आहे. पण हा ‘पाप’ असा शब्द वापरीत नाही. तो ‘विचार’ म्हणतो. आपल्या संतांच्या भाषेतील ‘विकल्प’ हा शब्द मला त्याला सर्वांत जवळचा वाटतो. विकल्प मनात येणे न येणे आपल्या हाती नाही, तो मुक्कामाला राहू द्यावा की नाही एवढेच आपल्या हाती आहे, अशी त्याची भूमिका आहे.

आणि हे विकल्प येतात कोणत्या वेषात? खादाडपणा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पंचपक्वान्ने येतात. एव्हाग्रियसच्या टिपणात पक्वान्नांचे नावही नाही. तेथे उपास करणाऱ्याच्या मनात एक सुज्ञ काळजी उत्पन्न होते : पोट बिघडेल, यकृत सुजेल, प्लीहा वाढेल, जलोदर होईल, आणि या वाळवंटात वैद्य कोठून आणावा? धनलोभ हा मोहरांच्या राशी दाखवीत नाही. म्हातारपण लांबेल, हात चालेनासे होतील, दुष्काळ पडेल, दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागेल, एवढेच तो कानात सांगतो. निवृत्तीनंतरच्या दिवसांचा हिशेब कागदाच्या कोपऱ्यावर मांडून पाहिला नाही असा नोकरदार विरळाच. त्या हिशेबाला कोणी लोभ म्हणेल, असे आपल्या स्वप्नातही येत नाही. क्रोध प्रार्थनेच्या वेळी समोर येऊन उभा राहतो तो आपल्याला दुखावणाऱ्या माणसाचा चेहरा घेऊन. लौकिकाची हाव तर एकांतातच जास्त फोफावते : आपण रोग बरे करू, दाराशी गर्दी जमेल, लोक वस्त्राला स्पर्श करतील, आणि नको नको म्हणत असताना आपल्याला धर्मगुरूच्या पदावर ओढून नेतील.

मात्र त्याच्या निरीक्षणाची खरी कमाल दिसते ती अकेदियाच्या वर्णनात. या ग्रीक शब्दाचा धात्वर्थ आस्था नसणे, कशाचीच पर्वा न वाटणे असा आहे. स्तोत्रसंहितेच्या ग्रीक भाषांतरात एका ठिकाणी मध्यान्हीच्या पिशाचाचा उल्लेख येतो. वाळवंटातील साधूंनी अकेदियाला तेच नाव दिले. भर बाराच्या ठोक्याला वेशीबाहेर जाऊ नये, तेव्हा भुते फिरतात, असे आपल्याकडे खेड्यांतून अजून सांगतात. पण हे भूत वेशीबाहेर नसते; ते कोठीत येऊन शेजारी बसते.

सकाळी दहाच्या सुमारास ते येते आणि दोनपर्यंत हलत नाही. आधी सूर्य जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो आणि दिवस पन्नास तासांचा होतो. मग साधू खिडकीकडे पाहू लागतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती दूर आहे याचा सूर्यावरून अंदाज घेतो, कोणी भेटायला येताना दिसते का ते पाहतो. तेवढ्यात त्याला या जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो. भावाभावांत आता पूर्वीचे प्रेम उरले नाही, आपली विचारपूस करणारे कोणी नाही, असे वाटते. अलीकडे कोणी काही लावून बोललेले असले तर तेही नेमके आठवते. मग दुसरी स्थळे सुचतात, जेथे पोट भरणे सोपे आणि कामाची चीज होते. शेवटी युक्तिवाद येतो तो अगदी शास्त्रशुद्ध : देव काही एका जागेला बांधलेला नाही, मग त्याची सेवा कोठेही करता येईल! यात भर म्हणून घरच्या माणसांची आठवण.

परप्रांतात नेमणूक होऊन गेलेल्या माणसाने हे वर्णन वाचले, की सोळाशे वर्षांपूर्वीच्या या साधूने आपल्या मनाची फाईल उघडून पाहिली की काय, असे त्याला वाटावे. हे गाव वाईट, येथले पाणी बाधते, येथली माणसे आपली नव्हेत, पुण्याला किंवा नागपूरला बदली झाली की आपण पुन्हा वाचू लागू, लिहू लागू, हे आपल्यापैकी किती जणांनी म्हटले असेल! फरक एवढाच की, आपली बदली हुकमाने होते. त्या साधूंना मुभा होती, आणि म्हणूनच त्यांना धोका अधिक होता.

वाचनाचेही असेच. अकेदियाने ग्रासलेला साधू पोथी घेऊन बसतो तो जांभया देतो, डोळे चोळतो, भिंतीकडे टक लावतो. परत थोडे वाचतो, मग पाने उलटून किती राहिले ते मोजतो, अक्षराला व नक्षीला नावे ठेवतो, आणि अखेर पोथी मिटून उशाशी घेऊन पडतो. पाने मोजणारा आणि अक्षराला नावे ठेवणारा वाचक एखाद्या नकलनविसानेच टिपावा.

कॅसियनने यात आणखी एक बारकावा नोंदविला आहे. हे भूत माणसाला नेहमी निजवीतच नाही; कित्येकदा ते त्याला कामाला लावते. अमक्या आजाऱ्याची भेट घेतली पाहिजे, तमक्या निराधार स्त्रीची चौकशी केली पाहिजे, आणि हे कर्तव्य तर आजच केले पाहिजे. कोठीत स्वस्थ बसवत नाही, हे कबूल करण्याऐवजी तो परोपकाराला निघतो. आळस आणि अकेदिया एक नव्हेत, हे येथे स्पष्ट होते.

उपाय म्हणून एव्हाग्रियसने एक विलक्षण ग्रंथ रचला. आठ विकल्पांचे आठ भाग; प्रत्येक भागात मनात उठणारा विकल्प एका बाजूस आणि त्याला द्यावयाचे शास्त्रवचनातील प्रत्युत्तर दुसऱ्या बाजूस. पाचशेच्या घरात अशा नोंदी आहेत. आक्षेप व त्याचा खुलासा अशी टिपणे लिहिण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. दुसरा उपाय म्हणजे जागा न सोडणे आणि हाताला काम देणे. कॅसियन पॉल नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट सांगतो. तो इतक्या दूर राही की, केलेले काम बाजारात नेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त झाला असता. तरी तो रोजचे ठरलेले काम करी, आणि वर्षाअखेर गुहा भरली की सारे जाळून टाकी व पुन्हा आरंभ करी. व्यवहारी दृष्टीला हा वेडेपणा वाटेल. पण काम विकण्यासाठी नव्हतेच, ते मनाला खुंट्याशी बांधण्यासाठी होते.

पुढला इतिहास चटका लावणारा आहे. एव्हाग्रियसच्या मृत्यूनंतर लगेच, ४०० साली, अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष थिओफिलस याने ओरिजेनच्या मताच्या साधूंवर हत्यार उपसले. कॅसियन इजिप्तमधून बाहेर पडला आणि काही वर्षांनी दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय येथे स्थायिक झाला. तेथे त्याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथांतून आठ विकल्प पश्चिम युरोपात पोहोचले. पण एव्हाग्रियसचे नाव त्याने कोठेही घेतले नाही. घेणे सुरक्षित नव्हते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने यादीची फेररचना केली. गर्वाला त्याने सर्वांचे मूळ म्हणून बाहेर काढले, मत्सराची भर घातली, अकेदियाला खिन्नतेत मिसळले, आणि आठाचे सात झाले. इकडे आयर्लंडच्या मठांतून कोणत्या दोषाला किती दिवस कोरडी भाकर व पाणी, याचे तक्ते तयार झाले. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले, तेव्हा सात पापांची यादी घरोघर पोहोचली. थॉमस अक्वायनससारख्या पंडिताने अकेदियाचा सूक्ष्म अर्थ जपला खरा. परंतु लोकांच्या तोंडी तिचा साधा ‘आळस’ झाला.

माझ्या मते येथे काहीतरी मोलाचे हरवले. ‘पाप’ म्हटले की माणूस मोठ्या गोष्टी शोधू लागतो आणि त्या आपल्यात नाहीत असे पाहून निश्चिंत होतो. खुनी आपण नाही, व्यभिचारी नाही, चोर नाही. मग राहिले काय? चाकू, सुई, जलोदराची भीती आणि खिडकीकडे वळणारी मान यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. पतंजलींनी योगसूत्रांत व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य असे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांतील चित्ताचे जडत्व, म्हणजे स्त्यान, आणि आलस्य ही दोन्ही निरनिराळी धरली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र यावरून कोणी कोणाकडून घेतले असा तर्क लढविण्याचा उद्योग मी करणार नाही. आमच्या पिढीत तो जरा फार झाला आहे.

एव्हाग्रियसचे मत ५५३ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेच्या वेळी धिक्कारले गेले. त्याचे ग्रंथ सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत तगले. कित्येक ग्रीक पोथ्या तर नायलस या दुसऱ्याच साधूच्या नावावर शतकानुशतके वाचल्या गेल्या. विसाव्या शतकात पंडितांनी त्या पुन्हा त्याच्या नावावर चढविल्या. १९६४ मध्ये आंत्वान गियोमों या फ्रेंच संशोधकाने केलियाची जागा निश्चित केली आणि पुढल्या वर्षापासून फ्रेंच व स्विस पथकांनी तेथे उत्खनन सुरू केले. कालव्याचे पाणी व नवी शेती त्या भागात सरकत होती, म्हणून घाईही होती. सापडलेली बहुतेक घरे एव्हाग्रियसनंतर दोनतीन शतकांची आहेत. त्यांत अंगण आहे, विहीर आहे, स्वयंपाकघर आहे, शिष्यासाठी वेगळी खोली आहे, चुन्याच्या गिलाव्यावर रंगविलेले क्रूस आणि वेलबुट्टी आहे. एका भिंतीवर कॉप्टिक भाषेत एक लेख मिळाला. भुते येऊन असा आक्षेप घेतात की, तू सारखे येशूचेच नाव घेतोस, तेव्हा तुझी प्रार्थना पित्याला व पवित्र आत्म्याला पोहोचत नाही. आणि खाली त्याच हाताने उत्तर लिहिले आहे की, पुत्राला हाक मारली तर त्याच्याबरोबर पित्यालाही मारली जाते.