मरणाची तयारी

महामारीनें पोळलेल्या युरोपांत १५व्या शतकांत 'उत्तम मरणाची कला' शिकविणाऱ्या ख्रिस्ती पुस्तिका निघाल्या. निराशा, अधीरता, मोह यांस मरणशय्येवर कसें जिंकावें, हें त्यांत सांगितलें होतें. परंतु ही तयारी केवळ अखेरच्या घटकेची नव्हे, असें पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहतां आम्हांस वाटतें.

दुष्काळांत आईबाप आणि पुढें भाऊ व पति गमावलेल्या रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं वारली. तरीही केडगांवच्या मुक्तिसदनांत चाललेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं हातावेगळें केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. मरणशय्येसाठीं सांगितलेले ते धडे या माउलीनें मरणापूर्वींच, कामाच्या मेजावर, गिरविले होते.