बंद लिफाफ्याची कुळकथा

१९४७ सालच्या जानेवारीपासून पुढे काही काळ इंग्लंडमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मध्यवर्ती कचेरीत लिफाफ्यांचे काही संच जपून ठेवलेले असत. प्रत्येक लिफाफा बंद असे आणि त्यावर रुग्णालयाचे नाव व एक अनुक्रमांक यांखेरीज दुसरे अक्षर नसे. क्षयाने ग्रासलेल्या एखाद्या तरुण रोग्याचे कागद तज्ज्ञांच्या मंडळाने पाहिले, त्याचा विकार ठरलेल्या अटींत बसतो अशी खातरजमा केली आणि त्याला दाखल करून घेण्याचे कायम झाले, म्हणजे मगच त्याच्या क्रमांकाचा लिफाफा फोडण्यात येई. आतील पत्रिका सांगे की या रोग्याला स्ट्रेप्टोमायसिन व खाटेवरील विश्रांती असे दोन्ही मिळावयाचे आहे की केवळ विश्रांती. पत्रिकेवर काय निघणार हे रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसे, निवड करणाऱ्या मंडळाला नसे, आणि साऱ्या प्रयोगाची तजवीज पाहणाऱ्या मार्क डॅनियल्स यांनाही नसे.

कारकुनाच्या मेजावर शोभावी अशी ही योजना रुग्णालयात येण्यास तीनशे वर्षे लागली, आणि ती यावयास हवी होती याचे कारण वैद्याच्या अज्ञानापेक्षा त्याच्या दयाबुद्धीत अधिक आहे, असे माझे मत आहे. ज्याच्यावर आपला जीव जडला, जो वाचेल असे वाटले, ज्याची आई दाराशी रडत उभी आहे, त्याच्याकडे नवे औषध नकळत वळते; आणि मग तो बरा झाला तर औषधाने झाला की मुळातच होणार होता, याचा उलगडा पुढे कोणालाच करता येत नाही.

चिठ्ठ्या टाकण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. ब्रुसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट १६४४ साली वारला आणि त्याचा ग्रंथ त्याच्या मुलाने १६४८ साली प्रसिद्ध केला. रक्त काढून व रेच देऊन ज्वर बरा करणाऱ्या प्रतिष्ठित वैद्यांना त्यात त्याने एक आव्हान दिले आहे: रुग्णालयांतून व छावण्यांतून दोनशे किंवा पाचशे गरीब रोगी घ्यावेत, त्यांचे दोन भाग करावेत, कोणता भाग कोणाकडे जावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, दोघांनी आपापल्या पद्धतीने उपचार करावेत आणि शेवटी कोणाच्या वाट्याला किती प्रेतयात्रा आल्या हे मोजावे. त्यावर तीनशे फ्लोरिनची पैजही त्याने लावली होती. पैज कोणी स्वीकारली नाही. तरी पक्षपाताचा संशय काढून टाकण्यासाठी चिठ्ठीच हवी, हे त्याने बरोबर ओळखले होते.

त्यानंतरची दोन शतके बहुतांशी मोजणी शिकण्यात गेली. स्कॉटलंडच्या जेम्स लिंडने १७४७ साली सॅलिसबरी नावाच्या युद्धनौकेवर स्कर्व्हीच्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला, आणि संत्री व लिंबे ज्यांना मिळाली ते दोघे सर्वांआधी उठून उभे राहिले. पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी लावून १८३५ साली दाखवून दिले की ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले गेले त्या ४१ पैकी १८ दगावले, आणि ज्यांचे त्यानंतर काढले गेले त्या ३६ पैकी ९. ज्या देशाने १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या होत्या, त्या देशात असे आकडे छापणे हे धैर्याचे काम होते. परंतु लुई यांनी रोगी मोजले, वाटले नाहीत. ज्याची अवस्था अधिक बिकट दिसली त्याचेच रक्त लवकर काढले गेले असेल, ही शंका त्यांच्या कोष्टकांना पुसून टाकता येत नव्हती.

ही शंका मनाला लावून घेणारा पहिला मोठा प्रयोग कोपनहेगनच्या ब्लेगदाम रुग्णालयात झाला. घटसर्पावरील प्रतिविष नुकतेच प्रचारात आले होते आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली होती. पण घटसर्पाची साथ कधी सौम्य तर कधी भयंकर असते, त्यामुळे यंदाच्या रोग्यांची गेल्या वर्षीच्या रोग्यांशी तुलना केल्यास काहीच सिद्ध होत नाही, हे योहान्नेस फिबिगर यांनी जाणले होते. म्हणून त्यांनी शिरस्ता असा घातला की एका दिवशी दाखल होणाऱ्या सर्वांना प्रतिविष द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना नेहमीचाच उपचार करावयाचा. वर्षभर तो शिरस्ता पाळून १८९८ साली त्यांनी हिशेब मांडला: प्रतिविष मिळालेल्या २३९ पैकी ८ मृत्यू, न मिळालेल्या २४५ पैकी ३०. डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने रोगी निवडले असते तर निष्कर्षावर विश्वास ठेवता आला नसता, असे त्यांनी मुद्दाम बजावून ठेवले आहे. त्यांच्या शिरस्त्यात एकच छिद्र राहिले होते. आजचा वार कोणता आहे हे दाखल करून घेणाऱ्याला ठाऊक असते, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याच्या हातून एखादे मूल उद्यावर ढकलले जाणे किंवा आजच आत घेतले जाणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

याच सुमारास मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोलीत लस तयार केली, ती १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तेथील कैद्यांना देऊ केली. टोचून घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना लसीच्या बाजूने गेली, हे हाफकिन यांच्या कर्तबगारीचे द्योतक आहे. तथापि जे आपण होऊन दंड पुढे करतात ते आणि जे मागे राहतात ते एकाच प्रकृतीचे व एकाच धाटणीचे असतील याची हमी कोण देणार?

लिफाफ्याच्या पूर्वजांपैकी सर्वांत बलवान पूर्वज रुग्णालयात जन्मलाच नाही, तो शेतात जन्मला. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात असा सिद्धांत मांडला की दोन खतांची तुलना करावयाची तर कोणत्या वाफ्याला कोणते खत हे यदृच्छेवर सोपविले पाहिजे. तसे केले तरच जमिनीच्या अज्ञात भेदांमुळे किती चूक संभवते याचे गणित करता येते. आपल्याकडे हा विचार शेताच्या बांधावर आणण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचा मोठा वाटा आहे. पिकाची आणेवारी नजरेने ठरविण्याची महसुली पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. तिच्या जागी गाव, शेत आणि शेतातील कापावयाचा तुकडादेखील यदृच्छेने निवडून पीक कापणी प्रयोग करावेत, हे त्यांनी शासनाला पटवून दिले. अनुभवी पाटलाची नजर आणि अनुभवी डॉक्टरची नजर यांविषयी मला सारखाच आदर आहे. परंतु दोघांनाही आपल्या नजरेचा कल स्वतःला दिसत नाही.

शेतातील हा नियम खाटेपर्यंत आणणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते, आणि त्याचे कारणही क्षयच होता. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेलेल्या या तरुणाला फुप्फुसाचा क्षय झाला, वैद्यकाचा अभ्यास करण्याची उमेद सोडून द्यावी लागली, आणि दीर्घ आजारपणात त्यांनी पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी मिळविली. १९३७ साली ‘लॅन्सेट’मध्ये संख्याशास्त्रावर लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी डॉक्टरांना एकाआड एक रोगी घेण्याचीच पद्धत सांगितली. यदृच्छेचे नाव काढले तर डॉक्टर बिथरतील म्हणून आपण तो विषय हेतुतः टाळला, असे त्यांनी पुढे उत्तरायुष्यात नमूद करून ठेवले आहे.

तो विषय काढण्याची संधी टंचाईने दिली. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूवर चालते असे दिसून आले होते. परंतु युद्धाने नागवलेल्या इंग्लंडपाशी डॉलर नव्हते आणि जे थोडे औषध हाती आले ते सर्वांना पुरणे अशक्य होते. या ठिकाणी कौन्सिलने केलेला विवेक मला फार मोलाचा वाटतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगभर पसरलेला क्षय यांत उपचाराविना मृत्यू ठरलेलाच होता. त्या रोग्यांसाठी चिठ्ठी टाकण्यात आली नाही, त्यांना औषध सरळ देण्यात आले. उरलेले औषध कोणालातरी मिळणार आणि कोणालातरी मिळणार नाही हे अटळच होते, तेव्हा ती अटळ विषमता ज्ञानाच्या कामी लावावी, असा हिल यांचा युक्तिवाद होता. तुलनेच्या गटातील रोग्यांना आपण अशा गटात आहोत हे मात्र अखेरपर्यंत सांगण्यात आले नाही. आजच्या संमतीच्या नियमांत हे बसणार नाही, आणि बसू नये.

एकंदर १०७ रोगी घेतले गेले, सर्व तरुण, सर्वांची दोन्ही फुप्फुसे झपाट्याने पोखरत चाललेली. ५५ जणांच्या लिफाफ्यातून औषध निघाले, ५२ जणांच्या निघाले नाही. क्ष-किरणचित्रे वाचणाऱ्या तिघांना कोणते चित्र कोणत्या गटातील रोग्याचे हे कळू दिले जात नसे, आणि ते एकमेकांना न विचारता आपापला अभिप्राय देत. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्यांपैकी ४ आणि न घेतलेल्यांपैकी १४ मृत्यू पावले होते. पहिल्या गटात २८ जणांच्या चित्रांत भरीव सुधारणा होती, दुसऱ्यात चौघांच्याच. ३० ऑक्टोबर १९४८ रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे वृत्त छापून आले.

त्या वृत्तातच पुढच्या संकटाची खूण होती. औषध घेतलेल्या बहुसंख्य रोग्यांत जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते, आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचे अंतर बरेचसे मिटून गेले. हे उघड होऊ शकले तेही तुलनेचा गट शाबूत होता म्हणूनच. तो नसता तर आरंभीच्या विजयाच्या आनंदात वैद्यक किती वर्षे भ्रमात राहिले असते, कोण जाणे. त्याच पद्धतीने केलेल्या पुढच्या चाचणीत पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड दिल्यावर जंतूंचा तो प्रतिकार पुष्कळसा आवरला, आणि क्षयाला एका वेळी एकाहून अधिक औषधे देण्याची रीत तेथून रूढ झाली.

लिफाफा भारतात आला तो मद्रासला, १९५६ साली, आणि त्याने येथे विचारलेला प्रश्न इंग्लंडातल्याहून अधिक आपला होता. रोगी लक्षावधी, खाटा मूठभर. मग आरोग्यधामाची हवा, खुराक आणि विश्रांती यांवाचून, दाटीवाटीच्या वस्तीतील घरातच औषधे दिली तर रोगी बरा होईल काय, आणि घरातील मुलाबाळांना बाधा अधिक होईल काय? वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली तेथील १९३ रोग्यांतून काहींना यदृच्छेने घरी ठेवण्यात आले, काहींना आरोग्यधामात पाठविण्यात आले; औषधे दोघांना सारखीच, आयसोनियाझिड व पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्ल, वर्षभर. घरच्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती अपुरी होती, खोल्यांत गर्दी होती. असे असता वर्षअखेर दोन्ही गटांचे फळ जवळजवळ सारखे आले आणि घरातील माणसांना होणारी लागणही अधिक आढळली नाही. १९५९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. १९६२ पासून भारताचा राष्ट्रीय क्षय कार्यक्रम घरी राहून घ्यावयाच्या उपचारावरच उभा राहिला.