ऐंशी तासांत अमेरिकेचा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकास ग्रंथांनी जेवढे शिकविलेले असते, त्याहून अधिक काही त्यास शाळेच्या वेळापत्रकाने शिकविलेले असते. जूनमध्ये मोठ्या उमेदीने केलेले वार्षिक नियोजन फेब्रुवारीच्या सुमारास कोठे अडखळते, याचा अनुभव या पत्रिकेच्या बहुतेक वाचकांस असेलच. आरंभीच्या प्रकरणांना ऐसपैस वेळ मिळतो. अखेरची प्रकरणे 'घरी वाचून या' या तीन शब्दांवर निभावून न्यावी लागतात. ही केवळ व्यवस्थेची उणीव आहे असे प्रस्तुत लेखकास पुष्कळ वर्षे वाटत असे. ती इतिहासदृष्टीचीही उणीव असू शकते, हे मात्र फार उशिरा आणि थोड्या अनपेक्षित मार्गाने ध्यानात आले.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवितो. तेथील वरच्या इयत्तांतील हुशार मुलांसाठी 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचा प्रगत अभ्यासक्रम असतो. कॉलेज बोर्ड या संस्थेकडे १९५५ पासून त्याचे संचालन आहे. मुलाने मे महिन्यातील परीक्षेत चांगले गुण मिळविले, तर अनेक महाविद्यालये त्यास पहिल्या वर्षाच्या काही विषयांतून सूट देतात. अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम १४९१ पासून, म्हणजे कोलंबसाच्या आगमनाच्या आदल्या वर्षापासून, आजपर्यंत नऊ कालखंडांत विभागलेला आहे. परीक्षेत सात मूळ कागदपत्रे विद्यार्थ्यापुढे ठेवून त्यांच्या आधारे निबंध लिहावयास सांगतात. सनावळ्या पाठ असणे तेथे पुरत नाही. कागद कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिला, हे ओळखावे लागते.

या विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या सत्राचे नियोजन मजकडे पाठविले व 'सर, आपण एकदा नजर घालावी' अशी विनंती केली. अठरा आठवड्यांचे सत्र, आठवड्यास पाच तास, म्हणजे नव्वद. त्यांतून सुट्ट्या, चाचण्या व हिमवर्षावाचे दिवस वजा जाता ऐंशी उरतात. त्याने केलेली वाटणी अशी होती : मूळ रहिवासी व युरोपियनांचे आगमन यांस आठ तास, वसाहतींस पंधरा, क्रांती व राज्यघटना यांस वीस, १८०० ते १८४८ या काळास सतरा, गुलामगिरीचा वाद व यादवी युद्ध यांस अठरा, आणि युद्धोत्तर पुनर्रचनेस, म्हणजे १८६५ ते १८७७ या बारा वर्षांस, दोन तास.

ते दोन तास पाहून मी थबकलो. वाटणी चमत्कारिक होती म्हणून नव्हे, तर ती फार ओळखीची होती म्हणून. अमेरिकेचा इतिहास दोन सत्रांत शिकविताना १८७७ पाशी त्याचे दोन तुकडे करावयाचे, ही तेथील जुनी वहिवाट आहे. परिणामी पुनर्रचनेचा काळ नेमका पहिल्या सत्राच्या अखेरच्या आठवड्यात, परीक्षेच्या धांदलीत सापडतो. आणि दुसरे सत्र उघडते ते रेल्वे, पोलाद व कारखाने यांच्या कथेने. मुलाच्या मनावर ठसा उमटतो तो असा, की लिंकनने युद्ध जिंकले, गुलाम मुक्त झाले आणि प्रश्न संपला.

वस्तुस्थिती तशी नाही. खरा प्रश्न १८६५ नंतरच सुरू झाला. त्या वर्षीच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. पण मुक्त झालेला माणूस नागरिक आहे की नाही, याचे उत्तर १८६८ च्या चौदाव्या आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने द्यावे लागले. पहिलीने जन्मसिद्ध नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले. दुसरीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. १८७० मध्ये मिसिसिपी राज्याचे हायरम रेव्हेल्स हे सेनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. या काळात सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे भूषविली. दक्षिणेतील अनेक राज्यांत सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वजनिक शाळांची पद्धत रुजली तीही याच काळात. ही गोष्ट तरी शिक्षकांनी विसरू नये.

आणि मग हे सारे मोडले गेले. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरला. त्यातून निघालेल्या तडजोडीनंतर १८७७ मध्ये दक्षिणेत नव्या राज्यसरकारांच्या पाठीशी उभ्या असलेल्या केंद्रीय फौजा मागे घेण्यात आल्या. पुढे मताधिकार कागदावर राहिला व व्यवहारातून गेला. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत तो बहुतांशी तसाच राहिला.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागील आशा होती. ही अर्पणपत्रिका मी वर्गात पुष्कळ वर्षे समजावून दिली. परंतु ती लिहिली गेली त्या वर्षी अमेरिकेत काय घडत होते, हे मी मुलांना कधी सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. १८७३ च्या ईस्टरच्या रविवारी लुईझियानातील कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मृतांचा आकडा साठांहून अधिक, काही गणनांनुसार दीडशेपर्यंत जातो. दोषी ठरलेल्या थोड्यांची शिक्षाही १८७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने टिकली नाही. पुढे त्या गावी जो फलक उभारला गेला त्यावर या प्रसंगास दंगल म्हटले होते व त्याने दक्षिणेतील गैरकारभाराचा अंत झाल्याचे लिहिले होते. तो फलक २०२१ मध्ये काढण्यात आला.

जोतीरावांची आशा त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट तिचे मोल वाढते. परंतु आम्ही मुलांना अर्धीच गोष्ट सांगत आलो, हेही खरे. विजयाची वार्ता समुद्र ओलांडून पुण्यास पोचली आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. पराभवाची वार्ता मागे राहिली.

ती वार्ता मागे राहण्यास इतिहासकारही कारण झाले. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य यांनी पुनर्रचना म्हणजे अनाचार व अकार्यक्षमता असे चित्र रंगविले, व ते शाळांतून दीर्घकाळ शिकविले गेले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये त्यास मोठ्या ग्रंथाने उत्तर दिले, तरी ते शाळांच्या पुस्तकांत उतरावयास आणखी एक पिढी जावी लागली. योगायोग असा, की डनिंग तेथे अध्यापन करीत असतानाच, १९१३ ते १९१६ या काळात, आमच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते. त्यांनी त्या काळातून काय उचलले ते पाहावे. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी संरक्षक तरतुदींची योजना मांडताना त्यांनी पुनर्रचनेच्याच काळातील १८६६ व १८७५ च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. इतरांनी अपयश म्हणून बाजूस सारलेल्या काळात त्यांना उपयोगी पडणारे कलम सापडले.

म्हणून मी त्या विद्यार्थ्यास लिहिले, की नियोजन शेवटाकडून आरंभाकडे कर. अखेरचा घटक प्रथम लिही, त्याचे तास प्रथम राखून ठेव, आणि मग मागे ये. मूळ रहिवाशांच्या घटकातून तीन, वसाहतींतून पाच व क्रांतीतून दोन असे दहा तास काढून पुनर्रचनेस बारा दे. वर्गात तीन कागद ठेव : मिसिसिपीने १८६५ मध्ये मुक्त गुलामांवर निर्बंध घालण्यासाठी केलेला कायदा, चौदावी दुरुस्ती, आणि बटाईने जमीन कसणाऱ्या मजुराचा एखादा करारनामा. कायद्याने दिले काय आणि शेतात उरले काय, हे मुले स्वतः ताडून पाहतील.

त्याचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. वसाहतींचे पाच व क्रांतीचे दोन तास त्याने काढले होते. मूळ रहिवाशांच्या तीन तासांस मात्र हात लावला नव्हता. 'सर, १८३० चा हकालपट्टीचा कायदा व १८३८ मध्ये चेरोकी लोकांना घडलेले निर्वासन मुलांना समजावयाचे, तर ते लोक आधी तेथे कसे राहत होते हे दाखवावेच लागेल. एका वंचिताचा वेळ दुसऱ्याच्या खात्यातून मी कसा देऊ?' असे त्याने लिहिले होते. पुनर्रचनेस त्याने नऊ तास दिले.

त्याचे म्हणणे मला पटले. माझ्या हिशेबात जी चूक राहिली होती ती शिष्याने दाखविली. सर्व काही शिकविता येत नाही. काय गाळावयाचे ते शिक्षकास ठरवावेच लागते. मात्र ते त्याने जाणून ठरवावे. सत्राच्या अखेरच्या आठवड्यावर सोडू नये. यंदा मी 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेस एकाऐवजी दोन तास ठेवले आहेत. दुसरा तास कोलफॅक्सचा आहे.