आजोबांच्या जुन्या फौजी फोटोवरून पलटण कशी ओळखाल?

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आजही आहे. गावातून किती जण लढाईला गेले आणि किती परतले नाहीत, एवढा आकडा तिच्यावर असतो. नावं नसतात. ती माणसं आता फक्त घरातल्या जुन्या फोटोत उरली आहेत. 'पणजोबा लढाईला गेले होते' यापलीकडे घरात कुणाला काही सांगता येत नाही. लष्करी नोंदी शोधायच्या तर नावाइतकीच पलटणीची माहिती लागते. ती फोटोतून काढता येते.

आधी फोटो नीट घ्या

फोटो शक्य असल्यास फ्रेममधून काढा. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट ठेवा. सावलीत, फ्लॅश न लावता मोबाईलवर काढा. टोपी, खांदा, छाती आणि बाही यांचे वेगवेगळे फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख सापडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. फोटो साफ करणारं ॲप वापरू नका. ते पुसट बिल्ल्याच्या जागी मनाचाच बिल्ला काढून देतं.

फेट्यावर बिल्ला नसेल तर खांदा पाहा

पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या फेट्यावर अनेकदा बिल्लाच नसतो. अशा वेळी खांद्यावरची पितळी पट्टी पाहावी. तिच्यावर पलटणीचा नंबर असतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे त्या काळचे नंबर. यातल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावं लागलं.

१११ हा नंबर महार पलटणीचा. ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली.

१/५, ३/५ म्हणजे काय?

१९२२ मध्ये या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांवर '३/५' असं दिसलं तर ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन समजायची. माणगाव तालुक्यात ज्यांचं स्मारक आहे ते व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे याच ३/५ चे. जुलै १९४४ मध्ये इटलीत ते धारातीर्थी पडले.

बिल्ल्यावर काय पाहायचं?

बिगुल आणि ढाल-तलवार: मराठा लाइट इन्फंट्री. नुसता बिगुल पाहून निष्कर्ष काढू नका, रायफल पलटणींच्या बिल्ल्यावरही बिगुल असतो.

कोरेगावचा जयस्तंभ: महार रेजिमेंट. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, म्हणून हा बिल्ला पहिल्या महायुद्धातला असू शकत नाही. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर दोन आडव्या-तिरप्या मशीनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

तोफ: तोफखाना.

बिल्ल्याच्या वरच्या टोकाला मुकुट असेल तर तो इंग्रजांच्या काळचा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर तो प्रजासत्ताकानंतरचा, कारण ही राजमुद्रा २६ जानेवारी १९५० ला स्वीकारली गेली.

इथे फसगत होते

बिल्ल्यावरून रेजिमेंट कळते, बटालियन सहसा कळत नाही. त्यासाठी कागद किंवा मेडल लागतं.

मेडल डाव्या छातीवर लावतात. फोटोत ती उजवीकडे दिसली तर फोटो उलटा छापलेला असू शकतो. मग अक्षरं आणि नंबरही उलटे दिसतील. मात्र घरातल्या वारसाने दिवंगत जवानाची मेडलं लावली असतील तर ती उजवीकडेच असतात.

बाहीवरच्या फिती हुद्दा सांगतात, पलटण नाही. एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार.

शिवाय प्रत्येक खाकी वर्दी फौजेची नसते. पोलिसांची असू शकते, किंवा संस्थानी फौजेची. कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स ही अशीच वेगळी पलटण होती.

मेडल मोडीत घालू नका

पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ब्राँझच्या चांदणीवर हीच माहिती मागच्या बाजूला असते. हा फोटोपेक्षा पक्का पुरावा आहे. ते घासून चकाकवू नका, अक्षरं झिजतात.

पुढे कुठे जायचं?

जवान युद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव आणि पलटण टाकून मोफत शोधता येतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. 'मराठा' शब्दाचं जुनं स्पेलिंगही वेगळं आहे: 'एम ए एच आर ए टी टी ए'. जवान परत आला असेल तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्जाबाबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते.

जे सापडेल ते फोटोच्या मागे कागद चिकटवून लिहून ठेवा: नाव, गाव, नंबर, पलटण. घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. फोटोतला माणूस कोण, हे कोणताही बिल्ला सांगत नाही.