शिधापत्रिकेचा रंग

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यापुढे १ लाखाच्या आत केशरी आणि त्यावर पांढरी. हिशेब होता धान्याचा आणि रॉकेलचा.

पुढे हाच रंग दवाखान्याच्या दारातही विचारला जाऊ लागला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. पण पांढऱ्या पत्रिकेला तेव्हा त्यात जागा नव्हती. तेरा वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, १ लाखाची रेषा मात्र तिथेच होती.

शब्द मोजून वापरण्याची मला सवय आहे. या नियमांतल्या ‘कुटुंब’ या शब्दापाशी मी अडतो. पत्रिका घराची असते. स्वतःची दमडीचीही कमाई नसलेली प्रौढ अपंग बहीण भावाच्या पगारामुळे अपात्र ठरते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, मोफत उपचारही कबूल केले; पण तिथेही कौटुंबिक उत्पन्नाची अट राहिलीच.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये ती सर्व पत्रिकाधारकांना खुली करून मर्यादा ५ लाख करण्याचा निर्णय झाला. रंगाची अट गेली, हे मोठेच काम झाले. पण ही मर्यादाही साऱ्या घराची मिळून आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेत ती संपली, तर त्या बहिणीने पुढच्या वर्षाची वाट पाहायची.

कुटुंब मोजताना त्यातला एकेक माणूसही मोजावा, एवढेच मागणे.