भरतीचे जाणकार

सिकंदराच्या आरमाराची एक हकीकत ग्रीक इतिहासकार आरियन यानें लिहून ठेविली आहे. इ. स. पूर्वीं ३२५ मध्यें सिंधूच्या मुखाशीं नौका नांगरल्या असतां पाणी ओसरलें व त्या कोरड्या पडल्या. पुढें भरतीचा लोंढा आला, तेव्हां कित्येक नौका एकमेकींवर आपटून फुटल्या. भूमध्य समुद्रांत भरती-ओहोटी नांवापुरतीच. तेथें वाढलेल्या वीरांस हा प्रकार अगदीं नवा होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत याच्या उलट चित्र दिसतें. खंबायतचें आखात निमुळतें होत गेल्यामुळें तेथें पाणी ३० फुटांपर्यंत चढतें. म्हणून भडोचच्या राजानें कोळी चाकरीस ठेविले होते. ते सौराष्ट्रापर्यंत जाऊन परदेशी गलबतांस गांठीत, भरती लागतांच तीं नर्मदेंतून वर ओढून नेत आणि ओहोटीभर ठरलेल्या डोहांत नांगरून ठेवीत. सोन्यारुप्याचीं रोमन नाणीं भडोचास उतरलीं तीं या वाटाड्यांच्या भरंवशावर. त्यांपैकीं एकाचेंही नांव इतिहासास ठाऊक नाहीं.

कोंकणचा कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो; चतुर्थीस पूर्ण भरती तीनच्या सुमारास. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येतो, हेंच त्याचें मर्म. ज्या विद्येवर बंदरें नांदलीं, तिला आम्हीं शिकलेल्यांनीं अडाण्यांचा आडाखा म्हणावें काय?